व्हायोलेट फ्रेटमधले रंग कुणाचे

व्हर्ना झुपानचा राग क्लीव्हलँडमधल्या तिच्या गल्लीत सगळ्यांच्या ओळखीचा होता. बेकरीवाल्याने कालची पोटीत्सा, अक्रोड भरलेला गोड पाव, आजची म्हणून गळ्यात मारली, तर ती भर दुकानात त्याच्या आजोबांपर्यंत सगळ्यांचा उद्धार करायची. नवरा होता तोवर म्हणायचा, "हिच्याशी भांडायला वकील पुरायचा नाही, पोलीसच लागतील." एकतीस वर्षं तिने चष्म्याची भिंगं घासली, दोन मुली मोठ्या केल्या, नवऱ्याचं शेवटचं आजारपण काढलं, आणि आता शहात्तराव्या वर्षी स्वतःच्या गुडघ्यांना शिव्या देत ती एकटी राहत होती. पण त्या मंगळवारी दुपारी ती जशी पेटली तशी आधी कधी पेटली नव्हती, आणि तिला पेटवलं एका फोटोने.

फोटो टांगला होता नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावरच्या जुन्या दोरखंडांच्या गोदामात. आता वर फ्लॅट झाले होते आणि खालच्या दालनात प्रदर्शन मांडलं होतं. सदुसष्ट साली याच गोदामात 'व्हायोलेट फ्रेट' नावाचा क्लब सुरू झाला होता. दारू मिळायची नाही, पण आत शिरणारी निम्मी पोरं आधीच कुठल्या ना कुठल्या नशेच्या गोळीवर तरंगत असायची. एकेक गाणं वीस-वीस मिनिटं चालायचं, आणि भिंतींवर, छतावर, नाचणाऱ्यांच्या तोंडांवर रंग वितळत फिरायचे. ते रंग एकोणीस वर्षांची व्हर्ना फिरवायची. शाळेतले मास्तर वापरायचे तसला, खालून दिवा असलेला प्रोजेक्टर, त्यावर भिंतीच्या घड्याळाची मोठी खोलगट काच, काचेत रंगीत पाणी, पाण्यावर रंगीत तेल, आणि वरून दुसरी काच. ती दुसरी काच ढोलाच्या ठोक्याबरोबर दाबायची, सोडायची. सकाळी बाटल्यांच्या कारखान्यात जाताना तिची मनगटं जांभळी असायची, आणि मुकादम रोज विचारायचा, "काय गं, कुणाचा गळा दाबून आलीस?"

फोटोत प्रोजेक्टर होता आणि त्यावर वाकलेले दोन हात. खाली लिहिलं होतं : 'प्रकाशाचा जादूगार डेल रस्क याचे हात.'

डाव्या हाताचं तिसरं बोट वाकडं होतं. ते बोट सतराव्या वर्षी बाटल्यांच्या यंत्रात सापडलेलं होतं, आणि ते या क्षणी व्हर्नाच्याच हाताला होतं.

"केंड्रा!" तिने हाक मारली तशी प्रदर्शन मांडणारी केंड्रा ऑलब्राइट हातातला चहा सांभाळत धावत आली. चाळिशीतली बाई, बिचारी. हिनेच महिनाभर फोन करून व्हर्नाला आठवणी सांगायला बोलावलं होतं.

"हे बघ. आणि हे बघ." व्हर्नाने आधी फोटोवर आणि मग केंड्राच्या नाकासमोर बोट धरलं.

"अय्या," केंड्रा म्हणाली. "पण मिसेस झुपान, मिस्टर रस्क यांनी स्वतःच सांगितलं की—"

"तो उद्या ईरी सरोवर मीच खणलं म्हणून सांगेल! तेही लिहिशील?"

तेवढ्यात टाळ्या पडल्या. डेल रस्क आला होता. जांभळा मखमली कोट, पाठीवर पांढऱ्या केसांची पोनीटेल. वीस-पंचवीस माणसं त्याच्याभोवती जमली. क्लबमधले रंग माझेच असं सांगत तो पन्नास वर्षं मुलाखती देत आला होता आणि व्हर्ना पन्नास वर्षं त्या वाचून वर्तमानपत्र चुलीत घालत आली होती. आज तो प्रत्यक्ष करून दाखवणार होता.

त्याने काचेत पाणी ओतलं. तेल ओतलं, भसाभसा. मग दिवा लावून गोष्टी सांगत बसला. हे काम केलेल्या कुणालाही ठाऊक असतं की दिवा लागला की काच हलती ठेवायची, नाहीतर तेल तापतं. डेलची गोष्ट रंगात आली आणि तेलातून धूर निघाला. भिंतीवर चिखलासारखा एकच तपकिरी डाग पसरला. वरची काच कट् करून तडकली. लोक मागे सरले.

"व्हर्न!" डेलला ती दिसली. "अगं ये ना, जरा हात लाव. तुला माझी पद्धत माहीत आहे."

माझी पद्धत! व्हर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला तसंच तोंडावर पडू द्यावं असं तिला फार वाटलं. पण ज्या कामावर तिने तारुण्य घालवलं त्याची अशी माती झालेली तिला बघवेना. ती तरातरा पुढे गेली, तडकलेली काच बाजूला केली, तेल पुसलं, दुसरी जोडी घेतली. थोडंसं लाल. थेंबभर निळं. तळवा टेकवला.

भिंत उमलली. लालातून जांभळं फुटलं, जांभळ्याला सोनेरी कड आली, सगळं एकदम आकसलं आणि पुन्हा छतापर्यंत पसरलं. लोक माना वर करून बघत राहिले. फक्त डेल बोलत होता : "हे बघा, इथे मी नेहमी—"

व्हर्नाने दिवा बंद केला.

"आता तू दाखव."

"अगं, हात थरथरतात माझे."

"थरथरत नव्हते तेव्हा तरी कधी दाखवलंस? फोटोतले हात कुणाचे, सांग या लोकांना."

डेलचं तोंड पडलं. मग त्यालाही चेव आला. "आणि नावं नकोत असं कोण म्हणालं होतं? लाल पेन्सिल कुणाच्या हातात होती, व्हर्न?"

ते खरं होतं. अडुसष्टच्या वसंतात क्लबच्या मालकाने पोस्टरवर रंग-प्रकाश सांभाळणाऱ्या त्या पाचही जणांची नावं छापायचं ठरवलं होतं. नमुना आला आणि व्हर्ना खवळली. नाव म्हणजे अहंकार, आपण सगळे एक, रंग काय कुणाच्या बापाचे आहेत? तेव्हा सगळेच असं बोलायचे, पण तिने ते खरं मानलं होतं. डेल कुरकुरला. तिने त्याला गप्प केलं. एकट्या पॉप्सने वाद घातला नाही. पॉप्स पन्नाशीतला इलेक्ट्रिशियन होता. पोलाद कारखान्यातली पाळी संपवून यायचा आणि गोदामाच्या कुजक्या वायरींवर अकरा प्रोजेक्टर चालवून दाखवायचा. तो एवढंच म्हणाला, "नावांसकट एक प्रत असू दे ना गं मला. बायकोला वाटतं मी इथे पोरींच्या मागे येतो." व्हर्नाने त्यालाही अहंकारावर भाषण दिलं आणि पाचही नावांवर लाल रेघ ओढली. पॉप्स टोपी घालून फ्यूज बदलायला गेला.

"कुणाचंच नाव नको म्हणाले होते मी," व्हर्ना ओरडली. "तुझं एकट्याचं असू दे, असं नव्हते म्हणाले!"

डेल खाली बसला. "हात तिचे आहेत," तो केंड्राला म्हणाला. "सगळं तिचंच होतं. माझं तोंड तेवढं चालायचं."

केंड्राने वही काढली. "मी आजच पाटी बदलते. सांगा."

"लिही," व्हर्ना म्हणाली. "काचा आणि रंग : व्हर्ना झुपान. स्लाइड : रोझलिंड टीग. फिल्म : मार्कस व्हिटलो, युद्धातून परत आला नाही. पडदे बांधणं : डेल रस्क."

"पडदे?" डेल म्हणाला.

"का, नव्हतास बांधत?"

"बांधायचो," डेल पुटपुटला.

"वायरिंग," व्हर्ना म्हणाली, आणि थांबली.

केंड्रा पेन टेकवून उभी राहिली. "वायरिंग : कोण?"

"पॉप्स."

"त्यांचं नाव काय होतं?"

व्हर्नाने डेलकडे पाहिलं. "आपण पॉप्सच म्हणायचो," डेल म्हणाला. मालक कधीच वारला होता, कागद नदीच्या पुरात गेले होते. पूर्ण नाव व्हर्नाने आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, छापील, यादीत सर्वांत खाली, आणि ते वाचायच्या आधीच तिची पेन्सिल त्यावरून फिरली होती.

"अज्ञात लिहू?" केंड्राने हळूच विचारलं.

"अज्ञात कसा? रोज यायचा तो!" व्हर्नाचा आवाज चिरकला. एवढ्या दुपारभराच्या रागात ती स्वतःवर पहिल्यांदाच चिडली होती, आणि तो राग कुणावर काढावा हे तिला कळेना. "लिही. वायरिंग : नाव होतं, व्हर्ना झुपानने खोडलं. असंच लिही. एक अक्षर बदललंस तर याद राख."