लाल पानांचा रोग

धडगावला आमच्या कचेरीच्या फाटकाजवळ मी चिनी मेंदीचं झुडूप लावलं होतं. घाटातला वारा, जीपगाड्यांची धूळ, बकऱ्यांची तोंडं, सगळं सोसून ते वाढलं. पावसाळ्यात त्याला चुरगळलेल्या कागदासारखी गुलाबी फुलं यायची आणि थंडीत गळण्याआधी पानं लालभडक व्हायची. ती पानं बघायला मी फाटकाशी मुद्दाम रेंगाळायचे.

एका हिवाळ्यात मोठे साहेब भेटीला येणार म्हणून साफसफाई निघाली. मी कामासाठी मोलगीला गेले होते. परत येऊन बघते तर झुडूप गुडघ्याएवढं छाटलेलं, आणि उरलेल्या बोटभर जाडीच्या खुंटांना गेरू-चुन्याचे पट्टे. रस्त्याकडेच्या वडाला मारतात तसे.

"पानं लाल पडली होती मॅडम. रोगट झाड साहेबांना कसं दाखवायचं?" हेडक्लार्क म्हणाले. शेजारच्या कुंडीत त्यांनी प्लास्टिकचे गुलाब खोचले होते.

कचेरीत कायम पुस्तकी मराठी बोलणारी मी. "मन्हं झाड शे ते," एवढंच घरच्या अहिराणीत तोंडातून निघालं.

साहेब आले आणि गाडीतून उतरून थेट आत गेले.

पुढच्या पावसात खुंटांना धुमारे फुटले आणि झुडूप असं फुललं की जाणारे-येणारे थांबू लागले. हेडक्लार्कनी त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. "बघा मॅडम, वेळेवर रोग काढला म्हणून वाचलं."

आता पानं लालसर दिसली की ते कुणाला विचारत नाहीत. कोयता आणि गेरूचा डबा घेऊनच येतात.