तेलावरचं शुल्क वाढलं तेव्हा

जव्हारच्या एस.टी. स्टँडवरून बाजारपेठेत शिरलं की डाव्या हाताला आमचं किराण्याचं दुकान लागतं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्या गल्ल्यावर बसते. नवरा माल बघतो, मी गिऱ्हाईक बघते. इतक्या वर्षांत माझ्यावर कुणी लबाडीचा आळ घेतला नव्हता. तो घेतला जवळच्या दाभोशा गावच्या एका बाईने, आणि खरं सांगायचं तर तिचं काही चुकलं नव्हतं.

ती मजुरीवर जगणारी. पावसाळ्यात लोकांच्या शेतावर लावणीला जायची, दिवाळी झाली की नवऱ्यासोबत ठाण्याकडे बांधकामावर. तिकडे ती हिंदी शिकली, आणि कुठलाही छापील आकडा दोनदा वाचायची सवयही तिकडेच लागली. पाड्यावरच्या तिच्या बोलीत 'तुम्ही' नव्हतंच. कचेरीतल्या साहेबालाही ती 'तू' म्हणायची.

गणपतीचे दिवस होते. परदेशातून येणाऱ्या खाद्यतेलावरचं शुल्क सरकारने वाढवल्याची बातमी आली. सोयाबीन पिकवणाऱ्यांना भाव मिळावा म्हणून, असं टीव्हीवर सांगत होते. दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना नवऱ्याने मला तेलाचा नवा भाव सांगितला आणि मी तो तसाच गिऱ्हाइकांना सांगायला लागले. पिशवीवरची छापील किंमत मुळातच चढी असते. आम्ही तिच्या बरंच खाली विकतो. त्यामुळे भाव वाढवला तरी कायद्याने आम्हाला कुणी काही म्हणू शकत नाही.

दाभोशाच्या बाईने तेलाची पिशवी उचलली, पैसे दिले, आणि मग पिशवी उलटी करून बघत राहिली.

"बाय, ही कव्हा भरली?"

"कारखान्यात भरतात. त्यावर लिहिलेलं असतं."

"तेच वाचतंय. गेल्या महिन्यात भरलीय. सरकारनी भाव काल वाढवला ना? मंग ही पिशवी तं तुझ्या दुकानात आधीपासून बसलीय. हिला सरकारचं कसं कळलं?"

मागे उभी असलेली दोन माणसं हसली. मी म्हटलं, "वरूनच वाढलंय, माझ्या हातात काय आहे?" ती पिशवी घेऊन निघून गेली. पण तिचा प्रश्न काही निघून गेला नाही. दुपारी दुकान रिकामं झाल्यावर मी मागच्या खोलीत गेले. तिथे तेलाच्या खोक्यांची थप्पी छताला टेकत होती. दर गणपतीला आम्ही जेवढा माल भरतो त्याच्या दुप्पट. आणि तो आला होता आठच दिवसांपूर्वी.

मी नवऱ्याला तिथेच विचारलं, "अहो, एवढं तेल का घेतलंत?"

"सण आहेत पुढे."

"सण दरवर्षी असतात. तुम्हाला आधी कुणी सांगितलं होतं का?"

"मला कोण सांगणार? नाशिकच्या शेठचा फोन आला, माल भरून ठेवा म्हणाला. दरवर्षी म्हणतो." नाशिकचा शेठ म्हणजे आम्हाला तेल पुरवणारा घाऊक व्यापारी. मग हे म्हणाले, "यंदा जरा जोर देऊन म्हणाला, एवढंच."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. आमच्या संसारात मी त्यांच्यावर तोवर कधी संशय घेतला नव्हता. त्या दिवशी घेतला, आणि घेतल्यावर तो खाली ठेवता येईना.

माझा मावसभाऊ निवृत्तीनंतर मोखाड्याला राहतो. बंदरावरचा माल सोडवून देणाऱ्या एका दलालाकडे त्याने सगळी नोकरी केली. आयात मालाचे कागद भरायचे आणि शुल्क भरून घ्यायचं, हेच त्याचं काम. रविवारी जीपने मी त्याच्याकडे गेले. चहा व्हायच्या आतच विचारलं, "दादा, हे शुल्क ठरवतं कोण? बजेटात ठरतं ना?"

"बजेटात ठरतं असं आपल्याला वाटतं," तो म्हणाला. "कायद्यात दर लिहिलेला असतो. पण त्यातून सूट किती द्यायची आणि ती काढून कधी घ्यायची, हे सरकार एका अधिसूचनेने ठरवतं. त्यासाठी संसद भरायची वाट बघत नाहीत. संध्याकाळी कागद निघतो, दुसऱ्या दिवसापासून लागू."

"कारण काय लिहितात?"

"जनहित. कुठल्या जनाचं, ते नसतं लिहिलेलं."

मग त्याने मला सावकाश समजावलं. सोयाबीन बाजारात यायच्या वेळेला भाव पडले की शेतीखातं म्हणतं, शुल्क वाढवा. सणासुदीला तेल महागलं की ग्राहकांचं खातं म्हणतं, कमी करा. तेलाच्या कारखानदारांचं तिसरंच. त्यांना वाटतं, कच्च्या तेलावर कमी लावा आणि तयार तेलावर जास्त, म्हणजे बाहेरचं तेल इथे आणून शुद्ध करायचा धंदा आमच्याकडे राहील. शेजारच्या देशांशी कमी शुल्काचे करार केलेले असतात, ते वाणिज्य खातं सांभाळतं. सगळ्यांची पत्रं, सगळ्यांच्या बैठका, आणि शेवटी सही अर्थखात्याची.

"म्हणजे इतक्या टेबलांवरून कागद फिरतो," मी म्हटलं, "तर तो बाहेर कुणालाच कळत नसेल?"

वहिनी चहा ठेवून आत गेल्यावर दादा म्हणाला, "एक सांगतो. जहाज नुसतं आलं म्हणून दर ठरत नाही. कागद ज्या दिवशी दाखल होतो, साधारण त्या दिवसाचा दर लागतो. एकदा मालक जेवणाच्या सुट्टीत आला. म्हणाला, डबे बंद करा, तेलाचे जेवढे कागद असतील तेवढे आजच दाखल झाले पाहिजेत. आम्ही केले. दुसऱ्या दिवशी शुल्क वाढलं."

"मग? तू विचारलं नाहीस?"

"काय विचारायचं? मालक म्हणाला असता, अंदाज होता. आणि खरंच अंदाज असेलही. बाजारात बोलणी चालूच असतात, शंभरदा वावड्या उठतात, त्यातली एखादी खरी ठरते. नव्व्याण्णव वेळा कुणी लक्षात ठेवत नाही." त्याने बशी खाली ठेवली. "पण मला अजून वाटतं, त्या दिवशी तो अंदाज नव्हता."

जीपमध्ये बसून परत येताना मला एवढंच कळलं होतं, की नाशिकच्या शेठला माहीत होतं की त्याने अंदाज केला, हे मला कधीच कळणार नाही. नवऱ्याचंही तेच. पण मागच्या खोलीतलं तेल जुन्या दराने आलेलं होतं, याबद्दल मात्र संशय घ्यायला जागा नव्हती.

घरी येऊन मी सांगून टाकलं, "थप्पी संपेपर्यंत जुना भाव."

"बाजारात वेडे ठरू," नवरा म्हणाला.

"ठरू."

पुढचे दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर लिहिलं, 'जुन्या मालाला जुना भाव', आणि तो बरण्यांच्या पुढे टांगला. मला वाटलं होतं झुंबड उडेल. पण लोक पुठ्ठा वाचायचे, पिशवी हातात घ्यायचे, दाबून बघायचे आणि ठेवून द्यायचे. कचेरीतल्या एका कारकुनाने ती नाकाला लावली. "मुदत संपत आलीय का, वहिनी?" समोरच्या दुकानदाराने मी ऐकेन अशा आवाजात एकाला सांगितलं, "भेसळ आहे असं मी म्हणत नाही. पण सगळीकडे महाग आणि एकीकडेच स्वस्त, याला काहीतरी कारण असेल ना?"

आठवड्याने दाभोशाची बाई आली. पुठ्ठ्याकडे बघून म्हणाली, "आता कसा उतरला? म्हंजे त्या दिवशी मना लुटलंस."

"हो," मी म्हटलं आणि त्या दिवशी जास्तीचे घेतलेले पैसे तिच्या पुढे ठेवले.

तिने ते घेतले, पण चेहऱ्यावर समाधान नव्हतं. मी परत का देतेय हेच ती शोधत होती. शेवटी दोन पिशव्या घेतल्या आणि जाताना दारातल्या लोकांना सांगितलं, "तेल चांगलं हाय. बाय चोर होती, पन कबूल झाली." त्यानंतर थप्पी चार दिवसांत संपली.

पुढच्या वर्षी पावसाच्या तोंडावर ती ठाण्याहून परत आली, तेव्हा उलटी बातमी होती. सरकारने कच्च्या तेलावरचं शुल्क कमी केलं होतं. ती जीपमधून उतरून सरळ दुकानात आली.

"उतरला ना भाव?"

या वेळी नवरा गल्ल्यावर होता. म्हणाला, "माल जुन्या दराचा आहे, मावशी. नवा आला की उतरेल."

"चढताना जुना माल नव्हता. उतरताना जुना कसा झाला?"

नवऱ्याचा चेहरा उतरला. मागच्या वर्षी एकदा आम्ही खरेपणाने वागलो होतो, पण त्याचा आता काही उपयोग होईना. त्यांनी सगळ्यांसमोर नाशिकच्या शेठला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. शेठ म्हणाला, कच्च्या तेलाचं शुल्क उतरलं, तयार तेलाचं तसंच आहे, कारखान्यांकडे महागाचा साठा पडून आहे, जरा दम धरा. त्याचं बोलणं संपायच्या आत बाई फोनकडे वाकली. "शेठ, तुझा महागाचा माल संपतो कव्हा नि स्वस्ताचा संपतो कव्हा, तेवढं सांग."

फोन बंद झाला होता. नवरा म्हणाला, "रेंज गेली." कुणाचाच विश्वास बसला नाही, त्यांचाही नसावा.

भाव उतरला, पण बऱ्याच आठवड्यांनी, आणि चढला होता तेवढा नाहीच.

तेव्हापासून मी संध्याकाळी मोबाईलवर सरकारच्या अधिसूचना बघते. दादाने कुठे बघायचं ते दाखवून ठेवलंय. भाषा अवघड, तक्ते लांबलचक, बहुतेक वेळा आपल्या कामाचं काहीच नसतं. पण मी ते वाचते हे बाजारपेठेत पसरलं. समोरचा दुकानदार आता सहज आल्यासारखा येतो, सुपारी कातरत उभा राहतो आणि विचारतो, "काही विशेष, वहिनी?"

मध्यंतरी माझ्या भाचीचं लग्न ठरलं. जेवणावळीसाठी मी दहा डबे तेल मागवलं. टेम्पो आमच्या दारात रिकामा होत असताना समोरचा बघत होता. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे वीस डबे उतरले, आणि त्याच्या शेजाऱ्याकडे तीस. मी लग्नाची पत्रिका घेऊन दोघांकडे गेले, तारीख दाखवली, आग्रहाने बोलावलं. दोघांनी पत्रिका घेतली, तिच्यावरचं हळदकुंकू बोटाने कपाळाला लावलं, आणि माझ्याकडे बघून नुसतं हसले.