परभणीतून सोनपेठ बंद

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मंडळी, कारण हे सांगताना मला माझंच थोबाड फोडावंसं वाटतं.

मी आमच्या शिक्षणसंस्थेचा कॉम्प्युटरवाला. बसतो परभणीच्या ऑफिसात आणि सोनपेठच्या कॉलेजातला सर्व्हर इथूनच, नेटवरून चालवतो. तिथले क्लार्क कदमकाका. वयानं मोठे, पण कॉम्प्युटरमधलं त्यांना ओ की ठो कळत नाही, असं माझं ठाम मत! खंडेनवमीला त्यांनी सर्व्हरला हळदकुंकू वाहिलं, वर उदबत्ती ओवाळली. मी इतका भडकलो, की सर्व्हरच्या खोलीला लोखंडी दार बसवलं, कुलूप ठोकलं आणि किल्ली परभणीला घेऊन आलो.

तर त्या दिवशी परीक्षेचे फॉर्म भरायची शेवटची तारीख. फॉर्म जाणार त्याच सर्व्हरवरून, तेही पाचच्या आत. सकाळीच काकांचा फोन.

"सर, सर्व्हर मधीच सापडंना झालाय. तुमी या की इकडं."

लाईट गेली-आली की सर्व्हरचा नेटवर्कवरचा पत्ता बदलायचा, एवढंच दुखणं. त्याच्या आतल्या नेटवर्क जोडणीच्या सेटिंगमध्ये जाऊन तो पक्का करायचा. यात अवघड काय?

"काका, एवढ्यासाठी मी एसटीत धक्के खाऊ? इथून करतो. तुम्ही फक्त बघत राहा!"

पत्ता पक्का करण्याआधी जोडणी एकदा बंद-चालू करून बघावी, म्हटलं. ऐटीत 'बंद' दाबलं. स्क्रीन जागच्या जागी थिजली.

"काका, तुमच्या सोनपेठचं नेट गेलं!"

"न्हाई सर, चालू हाय. त्याच्यावरच मी मोबाईलवर कीर्तन ऐकायलोय."

"मग मोडेम बंद करून चालू करा."

तीनदा करायला लावलं. मग वायर तपासायला लावली. मग उंदरांवर आळ घेतला. सोनपेठचे उंदीर, सोनपेठची लाईट, सगळ्यांचा उद्धार करून झाला. शेवटी काकांनी हळूच विचारलं,

"सर, तुमी बंद काय केलं म्हनले?"

"नेटवर्कची जोडणी."

"अन् तुमी आत कशावरनं गेलता?"

आता बोला! ज्या जोडणीवरून मी आत शिरलो होतो, तीच मी माझ्या हातानं बंद केली होती. 'चालू' करायचं ते आता सर्व्हरसमोर बसूनच. सर्व्हर कुलपात. आणि किल्ली? माझ्या खिशात!

"कुलूप तोडू का?"

"तुटायचं नाही काका. मी स्वतः पारखून आणलंय."

धावत स्टँड गाठलं. मानवत, पाथरी करत बस अशी निघाली, की जणू प्रत्येक फाट्यावर तिचे पाहुणे राहतात. पोचलो तेव्हा चार वाजत आले होते. व्हरांड्यात पोरं-पोरी ताटकळलेली. एक पोरगी पुढं आली.

"सर, आईबाप ऊसतोडीला गेल्यात. फॉर्म न्हाई गेला तर माझं वर्ष जाईल. मग पुढच्या साली माज्या बी हातात कोयता."

मेल्याहून मेल्यासारखं झालं हो. माझ्या एका बटणापायी त्या पोरीच्या हातात कोयता येणार होता, आणि मी सकाळभर उंदरांना शिव्या घालत बसलो होतो!

कुलूप काढलं, 'चालू' दाबलं. एक क्लिक, बस्स! पहिला फॉर्म तिचाच भरला. पाचच्या आत सगळ्यांचे गेले.

जिवात जीव आला, तशी माझी ऐटही परत आली.

"बघा काका, झालं की नाही!"

"झालं की. पन त्यो पत्ता पक्का करायचा राह्यला न्हवं?"

राहिलाच होता! पण परतीची बस लागली होती.

"त्याचं काय, उद्या परभणीहून करतो ना."

काकांनी शांतपणे मान डोलावली.

"करा की सर. मी चारला ष्टँडवर येतो तुमाला घ्यायला."