टायपिंगचंही भाडं

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर अंबरनाथ पश्चिमेला, घराच्या पुढच्या खोलीत मी व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं होतं. दोन टीव्ही, दोन मशीन, भिंतीवर एक घड्याळ. अर्ध्या तासाला तीन रुपये. वडील कारखान्यात ऑफिसर होऊन निवृत्त झालेले, त्यांना हा धंदा कमीपणाचा वाटायचा. पण दुपारचा चहा घेऊन तेही पोरांमागे खुर्ची टाकून बसायचे. दिवस चांगले होते. त्या दिवसांबद्दल माझी तक्रार नाही, माझ्याबद्दल आहे.

मशीनं मी उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या एका सिंधी शेठकडून आणायचो. एकदा त्यांनी कीबोर्डवालं मशीन दिलं. "साईं, इस पे बच्चा कंप्यूटर भी सीखेगा." त्यावर गेम खेळता यायचे, शिवाय स्वतः प्रोग्रॅम टाइप करून चालवता यायचा. खोड एकच. मशीन बंद केलं की टाइप केलेलं सगळं पुसलं जायचं.

त्यावर माझा शाळेतला मित्र बसू लागला. राहायला बदलापूरला, मांजर्लीत. नोकरी अंबरनाथच्या कारखान्यात, फिटरची. पहिली पाळी सुटली की यायचा, शंभर पानी वही उघडायचा आणि दोन बोटांनी टाइप करायचा. वहीत त्याने रचलेला गेम होता. नदीचं पाणी घरात शिरलंय, ओळीओळीने वर चढतंय, आणि आपण एकेक वस्तू माळ्यावर न्यायची. पिठाचा डबा, गादी, देव्हाऱ्यातले देव. माणूस म्हणजे नुसता चौकोन, पण पोरं वेडी झाली. "पहिले देव!" "गप रे, पहिले पीठ, देवाला पोहता येतं!" अशी भांडणं.

पूर्ण गेम टाइप व्हायला तास लागायचा. त्या तासाचं भाडं मी त्याच्याकडून घेऊ लागलो.

"टायपिंगचं पण?" तो म्हणाला. "उद्या न्हावी आरसा दाखवायचे वेगळे घेईल."

"मशीन अडकतं रे."

"बरं बाबा. मालक तू."

नंतर पोरं तो गेम खेळायची, ते पैसेही माझेच. त्याला काय मिळायचं? मागे उभं राहून बघायला मिळायचं. तेवढ्यासाठी तो रोज पैसे भरायचा.

गेमचे खरं तर दोन भाग होते. आपलं घर वाचलं की दुसऱ्या भागात शेजारच्या म्हातारीच्या घरात जायचं. तो भाग त्याच्या जिवाचा. पण रोजचे सहा रुपये त्याला जड होऊ लागले, तेव्हा त्याने सगळं अर्ध्या तासात बसवलं. दुसरा भाग गाळून.

"काका, एवढाच? पुढचं कुठे गेलं?" पोरं विचारायची.

"पुढचं वहीत आहे," तो म्हणायचा आणि वही डब्याच्या पिशवीत टाकायचा. मी घड्याळाकडे बघत असायचो.

आता कधीच न सांगितलेलं सांगतो. त्या कीबोर्डच्या मागे दोन भोकं होती. साधा टेपरेकॉर्डर जोडला की प्रोग्रॅम कॅसेटवर राहतो, परत टाइप करायला नको, हे शेठनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वायर फुकट देत होते. टेपरेकॉर्डर आमच्या कपाटावर होता. मी वायर घेतली नाही. टायपिंगचं भाडं बुडालं असतं.

पुढे दुकान बंद केलं. ते मशीन मी त्याला दिलं, "ने, आठवण." वायरबद्दल तेव्हाही तोंड उघडलं नाही.

मागच्या महिन्यात मांजर्लीला गेलो आणि सगळं सांगून टाकलं. तो शेंगा सोलत होता.

"झालं?"

"झालं."

"फिटर आहे मी. ती भोकं मला दिसली नव्हती काय?"

"मग बोलला का नाहीस?"

"कॅसेट राहिली असती तुझ्या दुकानात, आणि मी माझ्या घरी. टायपिंगला तरी मी लागत होतो ना." दोन शेंगा सोलून झाल्यावर म्हणाला, "दुसरा भाग गाळायला लागला, त्याचा मात्र राग आला होता. अजून आहे थोडा."

मग उठून त्याने मशीन काढलं. वायर कधीचीच करून ठेवली होती. गेम मशीनमध्ये उतरेपर्यंत कॅसेट चिरचिरत राहिली, तेवढ्यात चहा झाला. पडद्यावर पाणी आलं. माझं घर मी सहज वाचवलं. मग म्हातारीचं घर, जे घड्याळ बघण्याच्या नादात मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. ट्रंक नेली, पाटा नेला, वरवंट्यासाठी परत उतरलो आणि पाणी डोक्यावरून गेलं.

"आधी म्हातारीला न्यायचं असतं, येड्या," तो म्हणाला. "सामान काय बघतोस! कर परत."

मी परत सुरू केलं.