काळीची अकरा अंडी

कवडूने एकतीस वर्षं आर्वीच्या बाजार समितीत हमाली केली. पाठ गेली तेव्हा काम सोडलं आणि गावातल्या अंगणात कोंबड्या वाढवायला घेतल्या. कोंबड्या म्हणजे म्हातारपणाचा आराम, असं कोणी म्हटलं की तो म्हणायचा, "एक महिना करून पाहय. मंग सांगजो."

रोजचं काम ठरलेलं होतं. उजाडताना खुराडं उघडायचं, खालची राख काढून नवी पसरायची. शेणात भिजवलेलं पोतं मडक्यात कोंबून ते मडकं आदल्या संध्याकाळी वारुळाजवळ पालथं घातलेलं असायचं. सकाळी त्यात वाळवी भरलेली असे. ती पिल्लांपुढे झटकायची. उवा होऊ नयेत म्हणून खुराड्यात कडुलिंबाचा पाला. आठवड्यातून एकदा पाण्यात ठेचलेला लसूण आणि हळद. विकतचं खाद्य नाही, विकतची पिल्लं नाहीत. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसणार, तीच पिल्लं काढणार, तीच वाढवणार. यातलं एक काम चुकलं तर चार दिवसांनी पक्षी ते दाखवतो, हे त्याला माहीत होतं. तो चुकत नसे.

गावातली भावना पशुसखी होती. घरोघर जाऊन जनावरांच्या लसीसाठी नावं लिहून घ्यायची. लसीची बाटली शंभर कोंबड्यांची, फोडली की दोन तासांत संपवावी लागे, म्हणून तिला पुष्कळ घरं गोळा करावी लागत. कवडूने तिला दोनदा परत पाठवलं होतं.

"बाबा, एकेक थेंब डोळ्यात टाकाचा हाय फक्त."

"माया पक्ष्याले काय झालं? तो मातीत राह्यते, कीडे खाते. ज्याच्या कोंबड्या पिंजऱ्यात हायेत त्याले दे तुहं औषध."

अंगणात सत्तावीस पक्षी होते. त्यातली काळी वेगळी. कवडूची बायको पार्बता लग्नानंतर माहेराहून एक काळी कोंबडी घेऊन आली होती. तिची पोर, त्या पोरीची पोर, अशी ती ओळ चालत आली. पार्बताला जाऊन सहा वर्षं झाली. मुंगूस आणि घार यांनी एकेक करत बाकीच्या नेल्या आणि ओळीतली ही एकटी काळी उरली. वय झालेलं. यंदा ती खुडूक झाली तेव्हा कवडूने घरातल्या कोपऱ्यात टोपल्यात राख आणि तणस घालून तिला तिच्याच तेरा अंड्यांवर बसवलं. अंडी विषमच ठेवायची, ही पार्बताची पद्धत. सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत टॉर्चवर धरून पाहिली. दोन कोरी निघाली. अकरांत लाल शिरा दिसत होत्या. ही ओळ पुढे जायची ती याच अकरांतून.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी बहीण सुमित्राबाई दारात उभी राहिली. गिरडजवळच्या तिच्या गावाहून तीन बस बदलून आली होती. हातात भोकं पाडलेली थैली.

"कंडक्टर म्हणते, बाई, तुमची थैली बोलते काऊन? म्हटलं, भूक लागली असन तिले."

"काय हाय त्यात?"

"तीन कोंबड्या, एक कोंबडा. दादा, आमच्याकडे मानमोडी आली. शेजारचा पुरा खुराडा साफ झाला. माया अजून चांगल्या हायेत. चार दिवस ठेव. तुह्या हाताले गुण हाय."

गावोगाव असंच करतात. रोग आला की धडधाकट पक्षी उचलायचे आणि नातेवाइकाकडे नेऊन ठेवायचे. कवडूनेही पूर्वी केलं होतं. बाहेरचा पक्षी एकवीस दिवस वेगळा ठेवायचा, हेही त्याला ठाऊक होतं. पण उन्हात तीन बस बदलून आलेल्या बहिणीला दारातून परत कसं पाठवायचं? त्याने थैली घेतली. सुमित्राबाई चहा पिऊन संध्याकाळच्या बसने गेली.

त्याने काम नीट केलं. घरामागे, आपल्या खुराड्यापासून पन्नास पावलांवर, बांबूच्या तट्ट्या लावून जागा केली. पाण्याचं भांडं वेगळं, दाणे वेगळे. तिथून आलं की हातपाय धुवायचे. आणि घाण राहू द्यायची नाही. दिवसातून दोनदा तिथली विष्ठा, राख, पिसं खराट्याने झाडून घमेल्यात भरायची आणि उकिरड्यावर टाकून यायची. कण राहू देत नसे.

पाचव्या दिवशी सुमित्राबाईची एक कोंबडी मान पिळून पडली. हिरवी-पांढरी हागवण. आणखी दोन दिवसांत उरलेली तिन्ही गेली. कवडूने ती खोल पुरली आणि जागा दुप्पट झाडली.

मग त्याच्या स्वतःच्या कोंबड्या पडायला लागल्या. सकाळी तीन, दुपारी पाच. लसूण ठेचून पाजला, हळद दिली, मिटल्या चोचीत बोटाने पाणी सोडलं. उपयोग झाला नाही. त्याने भावनाला बोलावलं. ती फाटकाबाहेरच थांबली.

"आता लस चालत नाई, बाबा. वेगळ्या ठेवल्या होत्या नं?"

"पन्नास पावलं दूर."

"झाडलेलं कुठं टाकत होते?"

कवडूने हात करून दाखवलं. उकिरड्यावर त्याच्या उरलेल्या दोन कोंबड्या पाय मारून उकरत होत्या. काळीही रोज एकदा टोपल्यातून उठून तिथेच दाणे टिपायला जायची.

रोग पन्नास पावलं आपण होऊन चालला नव्हता. कवडूनेच तो घमेल्यातून वाहून नेला होता, दिवसातून दोनदा.

उरलेल्या दोन्हीही गेल्या. काळी अंड्यांवरच मेली. तो बसवल्याचा एकोणिसावा दिवस होता. कवडूने हात घातला तेव्हा अंडी गरम होती. त्याने कोमट पाण्याचं पातेलं घेतलं आणि एकेक अंडं त्यात सोडलं. आत जीव असला की अंडं पाण्यावर हलतं. अकराही हलत होती.

कुडापलीकडून तानाबाईने पाहिलं. तिचं घर लागूनच. "कवडूभाऊ, मायी लाल कोंबडी कालपासून खुडूक हाय. आण इकडं. दोन दिवसाचा तं सवाल हाय."

कवडू पातेल्याकडे पाहत राहिला. दोन दिवस. मग फाटकाबाहेर पुन्हा येऊन थांबलेल्या भावनाकडे वळून म्हणाला, "भावना, वरून धुतली तं?"

"भरोसा नाई. कवचाले लागलं असन, आतबी गेलं असन."

"बल्बाखाली काढली तं?"

"निघतीन बी. पाय कुठं ठेवतीन? या मातीत तीन महिने पक्षी आणू नका."

तानाबाई म्हणाली, "काई होत नाई बाप्पा. आण तू. पार्बताची कोंबडी व्हय ते."

तिच्याकडे चौदा कोंबड्या होत्या.

"नाई," कवडू म्हणाला.

"काऊन नाई?"

"तुह्या मरतीन."

"मायी कोंबडी, माया आंगण. तुले काय? का मायी कोंबडी हलकी वाटते तुले?"

"नाई म्हटलं नं."

तानाबाई तोंड फिरवून आत गेली.

जिवंत पुरायचं नाही, एवढं त्याने ठरवलं. अंडी टोपल्यात उघडी ठेवली आणि टोपलं मोरीजवळच्या गारव्यात नेलं. तोवर खड्डा खणला. पाठीमुळे दर चार फावड्यांना थांबावं लागत होतं. हातभर झाल्यावर आणखी अर्धा हात खणला, कुत्र्याने उकरू नये म्हणून. दुपार कलल्यावर पाण्यात घालून पाहिली. पाच हलत होती. दिवेलागणीला दोन. तो पायरीवर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी उजाडता पाहिलं तेव्हा एकही हललं नाही.

काळीला खाली ठेवलं, वर अंडी, वर चुना, मग माती. पायाने दाबून सपाट केलं. उकिरड्यावरही चुना टाकला.

तानाबाईच्या कोंबड्या कुडाच्या फटीतून इकडे यायच्या. कवडूने बाभळीच्या फांद्या तोडून आणल्या आणि फटीत कोंबल्या. तानाबाई पलीकडे भांडी घासत होती.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "आता वाटबी बंद."

"रोग हाय माया इकडं, बाई. सांगतलं नं."

"सांगतलं."

दुसरी फट खाली, जमिनीलगत होती. तिथे काटे टिकले नसते. तो दगड आणायला गेला.