देवमाशाशेजारी बसलेली आई

एकोणीसशे पन्नास साल उलटल्यावर पिंपरीच्या माळावर कारखाने उभे राहू लागले, त्यांतल्याच एकात मी लागलो. चिखलीहून सायकलने जायचो. माझ्या जोडीला कोकणातला एक खारवी होता. समुद्र सोडून तो इकडे का आला, मी कधी विचारलं नाही. वडील नाहीत, एवढंच तो बोलला होता.

एका उन्हाळ्यात कारखाना काही दिवस बंद राहिला, तेव्हा म्हणाला, "चल राव, आमचा समुद्र तरी बघ."

एसटीतून उतरून त्याच्या घरी गेलो तर दाराला कडी. शेजारीण म्हणाली, "आई किनाऱ्यावर हाय. देवमासा लागलाय."

लांबून मला देवमासा म्हणजे उलटी पडलेली होडीच वाटली. जवळ गेलो तेव्हा श्वास ऐकू आला. मोठा उसासा टाकावा तसा एक, मग बराच वेळ काहीच नाही. पहाटेच्या भरतीला गावातल्या बाप्यांनी शेपटीला दोर बांधून ओढून पाहिलं होतं, पण तो जागचा हलला नव्हता. आता पाणी पार मागे गेलेलं, उन्हाने पाठीची कातडी तडकत होती. मित्राची आई लुगडी भिजवून त्याच्यावर पसरत होती. आम्हीही घागरी उचलल्या.

"आये, घरी चल. हा काय जगत नाय," मित्र म्हणाला.

"ठाव हाय मला." ती देवमाशाच्या डोळ्यापाशी बसली. "तुझा बापूस बुडाला तेव्हा त्याच्याजवळ कोण होतं?"

मित्र पुन्हा घागर भरायला गेला. त्याच्या वडिलांचं प्रेतसुद्धा हाती लागलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

दुपार कलली, भरती चढली. पाणी पोटाला लागलं तशी त्याने शेपटी हलवली आणि मला उगाच आशा वाटली. त्यानंतरचा श्वास आलाच नाही.

"गेला," आई म्हणाली.

लगेच चरबीची बोलणी सुरू झाली. होड्यांना तेल लागतंच, त्यात वाईट काही नव्हतं, तरी मला तिथे उभं राहवेना. आईने ओली लुगडी पिळून खांद्यावर टाकली. घरी येऊन ती डोक्यावरून न्हाली आणि सुतक असल्यासारखी चूल न पेटवता बसून राहिली. शेजारणीने दिलेला भात आम्ही खाल्ला. तिने नाही.

चिखलीला परतल्यावर मी वडिलांना सगळं सांगितलं. गोठ्यात ते बैलाच्या मानेला तेल चोळत होते.

"येवढा मोठा जीव, आन् कुनाला काय बी करता आलं न्हाई?"

"न्हाई."

त्यांचा हात थांबला. "ती बाई तिथं येकलीच हाय? त्याला म्हनावं, आईला हिकडं आन. आपल्या पडवीत ऱ्हातील दोघं."

मित्र तिला आणायला गेला आणि एकटाच परत आला.

"नाय म्हणाली," त्याने सांगितलं. "म्हणाली, कधी काय किनाऱ्याला लागलं, तर मी हितं असाया हवी."