अ‍ॅशबर्नच्या काकांचा खोकला

बाबांना ऑनलाइन पोकर शिकवायचं ठरलं तेव्हा मी नेहमीसारखी यादी केली. आयपॅडवर अ‍ॅप घालणं, अक्षरं मोठी करणं, फक्त ओळखीच्यांसाठी टेबल उघडणं, पासवर्ड फ्रिजवर चिकटवणं. चिप्स फुकटच्या होत्या, त्यामुळे पैशांची काळजी नव्हती. पलीकडे खेळायला एकच माणूस हवा होता: अ‍ॅशबर्नचे काका.

बाबा आणि त्यांचे हे मित्र एकदमच अमेरिकेत आले आणि शनिवारी दुपारी पत्ते खेळत म्हातारे झाले. कधी आमच्या पिस्कॅटवेच्या घरी, कधी जवळच त्यांच्याकडे. काकू गेल्या, काकांना विसरायला व्हायला लागलं, तेव्हा त्यांची मुलगी त्यांना व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नला, घेऊन गेली. त्यानंतर शनिवारी बाबा जेवून उठायचे, टेबल पुसायचे आणि नुसतेच त्याच्याशी बसायचे. म्हणून हा उद्योग.

"पत्ते कोण पिसणार?" बाबांनी विचारलं.

"कॉम्प्युटर."

"म्हणजे लबाडी नाही. मग मजा काय?"

फोल्डचं बटण म्हणजे आपलं तीन पत्तीतलं 'पॅक', पानं टाकून डाव सोडणं, हे त्यांना लगेच कळलं. राग आला तो वेळेच्या पट्टीचा. पट्टी संपायच्या आत बटण दाबलं नाही तर गेम तुमची पानं स्वतःच टाकून देतो. "विचार करतोय ना मी! याला कुठली गाडी गाठायचीय?" काकांना तर त्याहून वेळ लागायचा. म्हणून फोनही स्पीकरवर चालू ठेवायचो. मुलगी पलीकडून म्हणायची, "बाबा, युअर टर्न."

फोनचा आणखी एक फायदा होता. चांगली पानं आली की काका खोकायचे. हलकेच, दोनदा. पत्त्यांच्या सगळ्या ग्रुपला हे ठाऊक होतं, फक्त काकांना नव्हतं. आई दम द्यायची, "खबरदार कुणी सांगितलंत तर. खोकायचे बंद होतील बिचारे." कुणी कधी सांगितलं नाही.

हिवाळ्यात काकांच्या मुलीचा फोन आला. "ताई, आता फोन नको. आवाज कुठून येतोय ते बाबांना कळत नाही, घाबरतात. गेम खेळतील."

पुढच्याच शनिवारी खेळ भराभर व्हायला लागला. थोडा वेळ खेळून बाबांनी आयपॅड पालथा ठेवला.

"हा तो नाही."

"कशावरून?"

"वाईट पानं आली की पॅक करतोय. त्यानं जन्मात कधी पहिल्या फटक्यात पॅक केलेलं नाही. 'बघू तरी' म्हणायचा आणि हरायचा."

मी मुलीला फोन लावला. सवयीनं स्पीकरवरच. ती एकदम रडायला लागली. "सॉरी ताई, मीच खेळते. ते शेजारी बसतात. पत्ते दिसले की शांत होतात. तुमच्या बाबांना सांगू नका ना, प्लीज."

बाबा समोरच बसले होते. त्यांनी फोन माझ्या हातून घेतला. मला वाटलं, आता संपलं.

"बाळ, तू फार शहाण्यासारखी खेळतेस," ते म्हणाले. "तुझा बाप असा खेळायचा नाही. पानं कशीही असोत, एकदा बघायचं. कळलं? आणि फोन चालू ठेवत जा."

"काका, ते घाबरतात पण."

"लांब ठेव. मी बोलणार नाही."

तेव्हापासून फोन टेबलावर नुसता चालू असतो. त्यातून कधी खुर्ची सरकल्याचा आवाज येतो, कधी नळाचा. बाबा ऐकत बसतात.

गेल्या शनिवारी मी शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालत होते. बाबांना दोन एक्के आले. मला दाखवायला त्यांनी आयपॅड तिरपा केला, कितीतरी दिवसांनी हसले. आणि फोनमधून खोकला आला. हलकेच, दोनदा.

बाबांचं बोट थांबलं.

"बाबा, थंडी किती पडलीय," मी फोनला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हटलं. "नुसता खोकला असेल."

त्यांनी मान हलवली. त्यांनाही ते कळत होतं. पट्टी संपत आली होती. ती संपायच्या आत त्यांनी आपल्या हातानं पॅक केलं.

"बाबा, वी वन!" पलीकडून मुलगी ओरडली. "बघा, बाबा, आपण जिंकलो!"

त्यावर काका काहीच बोलले नाहीत. बाबांनी न बोलायचं कबूल केलं होतं. तेही बोलले नाहीत.